डिशवॉशर घेताय? खोक्यावरचा आकडा नको, घरातली कढई बघा

बॉश चांगला की आयएफबी? एलजीचा घ्यावा की फेबरचा? १२ प्लेस सेटिंगचा पुरेल की १४ चा हवा? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरकामाला येणाऱ्या ताईंचं येणं थांबलं आणि हे प्रश्न अनेक मराठी घरांत पहिल्यांदा गांभीर्याने विचारले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि चौकशी पुन्हा वाढली.

तरीही साधारण ३० ते ६० हजार रुपयांची ही खरेदी अनेकदा चुकते. यंत्र बिघडतं म्हणून नव्हे, तर घरातली भांडी त्यात नीट बसत नाहीत, पाणी जड असतं किंवा सकाळच्या घाईत तीन तासांचा प्रोग्रॅम परवडत नाही म्हणून. मग महिन्या-दोन महिन्यांत त्याचा उपयोग धुतलेली भांडी ठेवण्याच्या कपाटासारखा होऊ लागतो.

म्हणून ब्रँडची तुलना करण्याआधी ती कशाच्या आधारावर करायची, हे समजून घेऊ.

'१४ प्लेस सेटिंग' म्हणजे नेमकं काय?

प्लेस सेटिंग म्हणजे जेवायला बसलेल्या एका माणसापुढची भांडी. पण हा माणूस युरोपियन टेबलावर बसलेला आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार ही मोजणी होते. त्यात एक मोठी प्लेट, एक सूप प्लेट, गोड पदार्थाची छोटी प्लेट, कप, बशी, ग्लास, सुरी, काटा आणि चमचे अशा साधारण ११ वस्तू धरल्या जातात. म्हणजे १२ प्लेस सेटिंगच्या यंत्रात १३० च्या आसपास वस्तू बसतात, पण त्यातल्या बऱ्याचशा सपाट प्लेटा आणि चमचे-काटे असतात. मानकाच्या नव्या आवृत्तीत मग आणि स्वयंपाकाची काही भांडीही आली आहेत. आपली कढई, कुकर आणि काठाचं ताट मात्र त्या हिशेबात नाही.

आता चार माणसांच्या मराठी घरातला रविवारचा दुपारचा पसारा बघा. चार ताटं, आठ-दहा वाट्या, पेले, तांब्या, कुकर, त्यातले डबे, भाजीची कढई, आमटीचं पातेलं, कणकेची परात, दुधाचं भांडं, चहाचं गाळणं, डाव, झारा, उलथनं आणि मिक्सरचं भांडं. यात ताटांपेक्षा स्वयंपाकाच्या भांड्यांनीच जास्त जागा अडते.

म्हणून साधा हिशेब असा: दोन वेळचा स्वयंपाक होणाऱ्या चार माणसांच्या घराला १२ ते १४ प्लेस सेटिंगचं यंत्र लागतं आणि त्यातही मोठी परात किंवा मोठा कुकर हातानेच धुवावा लागू शकतो. ८ प्लेस सेटिंगचं ओट्यावर ठेवायचं छोटं यंत्र एक-दोन माणसांना पुरतं. १३ आणि १४ यांतल्या फरकासाठी मात्र हजारो रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही. आतल्या जाळ्या कशा आहेत, हे त्याहून महत्त्वाचं.

गंमत म्हणजे डिशवॉशरचा जन्मच भांड्यांच्या मापातून झाला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांनी घरातल्या कपबश्या आणि प्लेटांची मापं घेऊन तारांचे कप्पे तयार केले आणि त्या कप्प्यांवर पाण्याचा मारा होईल अशी रचना केली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडलं गेलं. आजही जाळीच्या दांड्यांमधलं अंतर कोणत्या भांड्यासाठी ठेवलंय, यावर भांडं किती स्वच्छ निघणार हे बरंचसं ठरतं.

आत नेमकं होतं काय?

डिशवॉशर पाण्याने भरत नाही. तळाशी फक्त काही लिटर पाणी जमा होतं. पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उचलतो आणि फिरणाऱ्या पात्यांच्या छिद्रांतून भांड्यांवर मारतो. दरम्यान हीटर पाणी तापवतो आणि गाळणी खरकटं अडवते.

स्वच्छता चार गोष्टींवर अवलंबून असते: रसायन, उष्णता, पाण्याचा मारा आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. म्हणूनच इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो, कारण तिथे पाणी कमी तापवलं जातं आणि कसर वेळेने भरून काढली जाते. डिटर्जंटमधली एन्झाइम्स भाताचा स्टार्च आणि डाळ-दुधातली प्रथिनं सुटी करतात. त्यांना वेळ लागतो. ७० अंशांचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम तेलकट कढईसाठी आहे. तो वीज जास्त खातो.

यातून एक व्यवहारी गोष्ट कळते. भांडी आधी विसळून घासून ठेवायची गरज नाही. खरकटं आणि हाडं-साली काढून टाकल्या की पुरे. मात्र तळाला करपलेला भात किंवा लागलेलं दूध पाण्याचा मारा सोडवू शकत नाही. ते भांडं आधी भिजत घालावंच लागतं, मग यंत्र कोणत्याही कंपनीचं असो.

ब्रँडनुसार फरक कुठे पडतो?

भारतात मिळणारी बहुतेक मोठी यंत्रं नीट भांडी लावली, योग्य डिटर्जंट आणि मीठ वापरलं तर रोजची भांडी चांगली धुतात. फरक पडतो तो जाळ्यांची रचना, वाळवण्याची पद्धत, आवाज आणि सर्व्हिस यांत.

बॉश आणि सीमेन्स. ही दोन्ही नावं बीएसएच या एकाच जर्मन कंपनीची उत्पादनं आहेत. २०१५ पासून ती पूर्णपणे बॉशच्या मालकीची आहे. भारतासाठी बॉशने 'इंटेन्सिव्ह कढई' नावाचा ७० अंशांचा प्रोग्रॅम दिला आहे. वरची जाळी वर-खाली सरकवता येते, त्यामुळे खाली उंच पातेलं बसवायला जागा होते. वाळवण्यासाठी साधी पद्धत आहे: शेवटच्या गरम पाण्याने भांडी तापतात आणि वाफ तुलनेने थंड स्टीलच्या भिंतींवर जमून खाली जाते. स्टील आणि काच चांगली सुकते, प्लॅस्टिकचे डबे ओलसर राहतात. वरच्या किमतीच्या काही मॉडेल्समध्ये झिओलाइट हे खनिज वापरतात. ते ओलावा शोषून घेतं आणि उष्णता सोडतं, म्हणून भांडी जास्त कोरडी निघतात. सीमेन्सचा भर फर्निचरमध्ये बसणाऱ्या मॉडेल्सवर जास्त आहे.

आयएफबी. मूळ कोलकात्याची ही कंपनी घरोघरी वॉशिंग मशीनमुळे ओळखीची आहे. डिशवॉशरमध्ये तिची 'नेपच्यून' मालिका चालते. ७० अंशांपर्यंतचं गरम पाणी आणि आतच बसवलेली पाणी मऊ करण्याची सोय, हे तिचे मुद्दे. कंपनी स्वतःचं डिटर्जंट आणि मीठही विकते. ज्या गावात कंपनीची वॉशिंग मशीनची सर्व्हिस चांगली आहे, तिथे हा पर्याय सोयीचा ठरू शकतो.

एलजी. खालचं पातं नेहमीच्या दोन हातांऐवजी चार हातांचं आहे, त्यामुळे पाणी अधिक कोनांतून येतं. काही मॉडेल्समध्ये वाफेची सोय आहे. काचेचे ग्लास आणि सुकलेले डाग यांच्यासाठी ती उपयोगी पडते, पण किंमत वाढवते. मोटर थेट जोडणीची आणि इन्व्हर्टरची असल्याने आवाज कमी असतो.

व्होल्टास बेको. टाटा समूहातली व्होल्टास आणि तुर्कस्तानची आर्चेलिक यांचा हा एकत्र उद्योग. बेको हा युरोपात खपणारा ब्रँड आहे. मोठ्या यंत्रांसोबत ८ प्लेस सेटिंगचं ओट्यावरचं मॉडेलही मिळत असल्याने लहान कुटुंबं याकडे वळतात.

फेबर, एलिका, हाफेले, काफ. ही नावं चिमणी, हॉब आणि मॉड्युलर किचनमुळे माहीत असतात. किचनसोबत एकत्र घेतल्यावर सवलत मिळते आणि रंगसंगती जुळते. एक गोष्ट लक्षात ठेवावी: डिशवॉशरवर नाव ज्याचं, कारखाना त्याचाच असतो असं नाही. चीनची मिडिया कंपनी जगभरच्या अनेक ब्रँडसाठी यंत्रं बनवते. त्यात वाईट काही नाही, पण सुटे भाग पाच-सात वर्षांनीही मिळतील का, हे विचारून घ्यावं.

मिएले. १९२९ मध्ये युरोपातला पहिला विजेवर चालणारा घरगुती डिशवॉशर बनवणारी ही जर्मन कंपनी. चमच्यांसाठी सर्वांत वर वेगळा सपाट ट्रे देण्याची पद्धत तिने १९८७ मध्ये आणली. प्रोग्रॅम संपल्यावर दार आपोआप थोडं उघडतं आणि भांडी हवेने सुकतात. किंमत लाखाच्या पुढे जाते, शिवाय सर्व्हिस मोठ्या शहरांपुरती असू शकते.

कोणती भांडी आत घालायची नाहीत?

ब्रँड कुठलाही असो, ही यादी बदलत नाही. डिशवॉशरचं डिटर्जंट बरंच अल्कधर्मी असतं. त्यामुळे ॲल्युमिनियमची कढई आणि ॲल्युमिनियमचा कुकर काळपट पडतो. हार्ड अनोडाइज्ड भांड्यांचा थरही खराब होऊ शकतो. बिडाचा आणि लोखंडी तवा गंजतो, त्याच्यावर बसलेला तेलाचा थर निघून जातो. तांब्या-पितळेची चमक जाते आणि कल्हई टिकत नाही. पोळपाट-लाटणं आणि लाकडी डाव फुगतात, तडकतात. नॉनस्टिक तव्यासाठी कंपनीच्या सूचना वाचाव्यात. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून हातानेच धुवावी.

प्लॅस्टिकच्या डब्यांवर हळदीचा पिवळा रंग चढतो, तो यंत्रात पूर्ण जात नाही. पण हळदीतला रंगद्रव्य-घटक प्रकाशाने मोडतो, म्हणून डबे उन्हात ठेवले की रंग बराच फिका होतो.

म्हणजे खरेदीआधी एक काम घरीच करता येतं. रोजची भांडी ओट्यावर मांडा आणि दोन गट करा: यंत्रात चालणारी आणि न चालणारी. कुकर, कढई आणि पातेली बहुतेक ॲल्युमिनियमची असतील, तर यंत्राच्या किमतीत नव्या स्टीलच्या भांड्यांचा खर्चही धरावा लागेल. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही.

पाणी जड असेल तर?

डिशवॉशरबद्दलच्या तक्रारींमध्ये पाणी हा मोठा भाग आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील तर काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर बसतो आणि हीटरवरही क्षार जमतात. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं मुंबईचं पाणी किंवा पुण्याचं खडकवासल्याचं पाणी तुलनेने मऊ असतं. बोअरवेल आणि टँकरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन सोसायट्यांत एकाच मॉडेलचा अनुभव वेगळा येऊ शकतो.

यासाठी यंत्राच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. मीठ भांड्यांवर जात नाही. आतल्या रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा कामाला तयार होतात. यासाठी डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठच वापरावं. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्याने कप्पा बिघडू शकतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत काठिण्य स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. यंत्रावर मात्र काठिण्य बहुधा जर्मन अंशांत असतं. १ अंश म्हणजे साधारण १८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे पाणी ३०० असेल तर ३०० भागिले १८, साधारण १७ अंश. खरेदी झाल्यावर हा आकडा यंत्रात भरला नाही तर महागडं मॉडेलही ग्लासांवर थर सोडतं. पांढरा थर दिसला तर मीठ किंवा सेटिंग कमी पडतंय, आणि निळसर-सप्तरंगी झाक दिसली तर रिन्स एड जास्त पडतंय, असं समजावं.

यंत्र ठेवायचं कुठे?

जमिनीवर उभं राहणारं पूर्ण आकाराचं यंत्र साधारण ६० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल आणि ८५ सेंमी उंच असतं. आपला कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा बऱ्याच घरांत याहून थोडा बुटका असतो. अनेक मॉडेल्सचं वरचं झाकण काढून उंची दोन-तीन सेंमीने कमी करता येते, पण सगळ्यांचं नाही. म्हणून ओट्याखालची उंची फरशीपासून मोजून लिहून न्यावी. दार खाली उघडतं, तेव्हा समोर आणखी ६० सेंमी मोकळी जागा लागते. चिंचोळ्या स्वयंपाकघरात हीच अडचण होते. ४५ सेंमी रुंदीची मॉडेल्स मिळतात, पण त्यात परात किंवा मोठी कढई बसवणं अवघड जातं.

मॉड्युलर किचनमध्ये फर्निचरचाच दरवाजा लावून यंत्र पूर्ण झाकता येतं. दिसायला ते छान, पण नंतर दुसऱ्या कंपनीचं यंत्र बसवताना मापं जुळतीलच असं नाही. घर भाड्याचं असेल तर सुटं उभं यंत्र बरं, कारण ते सोबत नेता येतं. रंगात स्टीलसारखा चंदेरी, काळा आणि पांढरा असे पर्याय असतात. काळ्या आणि चकचकीत दारावर ओल्या हाताचे ठसे लवकर दिसतात.

शिवाय तीन गोष्टी लागतात: सिंकजवळ पाण्याचा नळ आणि निचरा, १६ अँपिअरचा सॉकेट आणि पाण्याचा पुरेसा दाब. अनेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळापासून साधारण ३ ते ५ मीटर उंच हवी. गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे आधी तपासावं.

आवाजाचा आकडाही पाहावा. स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं असेल तर ४४ आणि ५२ डेसिबलमधला फरक रात्री टीव्ही बघताना जाणवतो.

पाणी, वीज आणि खर्च

१२ ते १४ प्लेस सेटिंगचं यंत्र इको प्रोग्रॅममध्ये एका वेळी साधारण १० लिटर पाणी आणि एक युनिटच्या आसपास वीज वापरतं. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या अभ्यासात युरोपियन लोकांनी तेवढीच भांडी हाताने धुताना सरासरी १०० लिटरच्या आसपास पाणी वापरल्याचं आढळलं होतं. पण तो वाहत्या नळाचा आणि गरम पाण्याचा हिशेब आहे. टबात पाणी घेऊन भांडी विसळणाऱ्या घरात बचत एवढी मोठी दिसणार नाही. तरी पाणीटंचाईच्या भागात, यंत्र पूर्ण भरून चालवलं तर ते फायद्याचंच आहे.

चालू खर्चात डिटर्जंट हा मुख्य भाग. एक गोळी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते, पावडर स्वस्त पडते आणि भांड्यांनुसार कमी-जास्त घालता येते. त्यात मीठ आणि रिन्स एड वेगळं.

दुकानात काय विचारायचं?

आपलं सर्वांत मोठं ताट, रोजची कढई आणि कुकरचं भांडं पिशवीत घालून दुकानात नेलं तर विक्रेता हसेल, पण पाच मिनिटांत निर्णय सोपा होईल. मग हे बघावं:

• ताट खालच्या जाळीत उभं राहतं का? जाळ्या २६-२७ सेंमीच्या प्लेटसाठी आखलेल्या असतात, ताट त्याहून मोठं असतं.
• कढई पालथी ठेवल्यावर खालच्या दांड्या आडव्या होतात का?
• भांडी ठेवून पातं हाताने फिरवलं तर झाऱ्याच्या दांड्याला अडकतं का?
• मिठाचा कप्पा आहे का, आणि काठिण्याची सेटिंग किती अंशांपर्यंत जाते?
• एक तासाच्या आसपासचा रोजचा प्रोग्रॅम आहे का?
• सांगली, लातूर किंवा रत्नागिरीत राहत असाल तर तंत्रज्ञ त्याच गावातून येतो की पुण्या-मुंबईहून?

या सहा प्रश्नांची उत्तरं दोन ब्रँडची सारखीच आली, तर जो स्वस्त असेल तो घ्यावा.

आणि यंत्र भरणार कोण?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. डिशवॉशर घासण्याचा वेळ वाचवतो. पण खरकटं काढणं, भांडी लावणं, गाळणी धुणं आणि सुकलेली भांडी जागेवर ठेवणं हे उरतंच. ते पुन्हा एकाच बाईच्या वाट्याला आलं तर हजारो रुपये खर्चूनही तिची सुटका अर्धीच होते. त्यामुळे ब्रँड ठरवताना घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून हेही ठरवावं की रात्री यंत्र लावणार कोण आणि सकाळी रिकामं करणार कोण.